एका दुपारचे सहा तास आणि चार देशांची नियमपुस्तकं

२३ डिसेंबर २०१५. पश्चिम युक्रेनमधल्या इव्हानो-फ्रान्किव्स्क इथे प्रिकारपात्याओब्लेनेर्हो या वीजवितरण कंपनीच्या नियंत्रण कक्षात दुपारी साडेतीनच्या सुमाराला एक ऑपरेटर पाळी संपत आली म्हणून टेबलावरचे कागद आवरत होता. समोरच्या पडद्यावर माऊसचा बाण हलला. माऊसला कुणाचा हात लागलेला नव्हता. बाण सरळ एका उपकेंद्राच्या ब्रेकरपाशी, म्हणजे उघडला की वीज तोडणाऱ्या स्विचपाशी, गेला, क्लिक झालं, खात्री विचारणारी चौकट उघडली आणि बाणाने तिलाही होकार दिला. उपकेंद्र बंद पडलं. ऑपरेटरने माऊस धरून इकडेतिकडे ओढून पाहिला, बाण ऐकेना. मग यंत्रणेने त्यालाच बाहेर काढलं. पुन्हा आत शिरायला गेला तर पासवर्ड बदललेला. त्यापुढे एकामागून एक ब्रेकर उघडताना बघत बसण्याखेरीज त्याच्या हातात काही उरलं नाही.

अर्ध्या तासाच्या आत हाच प्रकार चेर्निव्त्सीओब्लेनेर्हो आणि कीवओब्लेनेर्हो या आणखी दोन वितरण कंपन्यांत घडला. मिळून सुमारे २,२५,००० ग्राहकांची वीज गेली, ती एक ते सहा तासांनी परत आली. सायबर हल्ल्यामुळे वीज गेल्याचं जाहीरपणे मान्य झालेलं हे जगातलं पहिलं प्रकरण.

डिसेंबरातल्या थंडीत सहा तास म्हणजे त्या घरांसाठी थोडा वेळ नव्हे. पण वीजव्यवस्थेच्या मोजपट्टीवर ही घटना छोटीच. तरी ती अभ्यासाला घ्यावी असं मला वाटतं, कारण हल्ला कसा झाला याचा इतका तपशीलवार पंचनामा फार कमी वेळा लोकांसमोर येतो. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. वीजयंत्रणेच्या सायबर सुरक्षेबाबत देशांची तुलना करताना सहसा कायद्यांची यादी शेजारीशेजारी मांडली जाते. त्यातून कुणाचं पुस्तक जाड एवढंच कळतं. मी उलट बाजूने जाणार आहे. दुपार तीच ठेवायची आणि तिच्यावर एकेका देशाचे नियम लावून बघायचे: हे तिथे घडलं असतं तर नियम कुठे आडवा आला असता, आणि कुठे नसता?

आत शिरायला लागलेले महिने

हल्ल्याची सुरुवात त्या दुपारी झाली नव्हती. २०१५ च्या वसंतात या कंपन्यांच्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांना ईमेल आले. सोबत ऑफिसची फाईल, उघडली की मॅक्रो, म्हणजे फाईलमधला छोटा प्रोग्राम, सुरू करायची विनंती. ज्यांनी होकार दिला त्यांच्या संगणकात ब्लॅकएनर्जी ३ हे मालवेअर उतरलं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. युक्रेनच्या या कंपन्या अगदीच गाफील होत्या असं चित्र नंतर रंगवलं गेलं. वस्तुस्थिती अशी की कार्यालयाचं जाळं आणि वीज नियंत्रणाचं जाळं यांच्यामध्ये नको ती रहदारी अडवणारी फायरवॉल होती आणि ती चांगली होती. नोंदीही इतक्या नीट ठेवलेल्या होत्या की तपास करणाऱ्यांना त्यातून सगळा क्रम लावता आला. हल्लेखोरांना फायरवॉल फोडावी लागली नाही. ते कार्यालयीन जाळ्यात महिनोन्महिने थांबले, लोकांची खाती आणि पासवर्ड गोळा केले आणि दुरून जोडून घेण्यासाठीच्या व्हीपीएनमधून रीतसर दरवाज्यानेच नियंत्रणाच्या जाळ्यात गेले. त्या व्हीपीएनला पासवर्डच पुरेसा होता. फोनवरचा कोड, टोकन असा दुसरा टप्पा नव्हता.

तिथेही त्यांनी घाई केली नाही. तिन्ही कंपन्यांची स्काडा (उपकेंद्रं दुरून चालवणारी) यंत्रणा वेगवेगळी होती, तिन्हींचा अभ्यास त्यांनी केला. मग वार केले तेही एकावर एक. ब्रेकर उघडले. उपकेंद्रांशी बोलणाऱ्या सिरियल-इथरनेट कन्व्हर्टरमध्ये खोटं फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) घालून ते कायमचे निकामी केले, म्हणजे नियंत्रण कक्षातून ब्रेकर परत लावण्याची वाटच बंद. यूपीएसच्या वेळापत्रकात बदल करून ठेवला, म्हणजे बाहेर अंधार असताना कंपनीही अंधारात. कॉल सेंटरवर हजारो खोट्या फोनचा मारा केला, म्हणजे वीज गेल्याची तक्रार करायला ग्राहकाचा फोनच लागू नये. शेवटी किलडिस्क या मालवेअरने संगणक पुसून टाकले.

वीज परत आली ती माणसांमुळे. कर्मचारी गाड्या काढून उपकेंद्रांवर गेले आणि ब्रेकर हाताने लावले. त्यांना ते करता आलं, कारण यंत्रणा जुनी होती, हाताने चालवायची सोय शिल्लक होती, आणि ती चालवायची सवय असलेली माणसंही होती. पुढे कित्येक महिने बऱ्याच उपकेंद्रांचं काम असंच हातावर चाललं, कारण निकामी झालेली उपकरणं एका दिवसात बदलता येत नाहीत.

ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने रशियाच्या लष्करी गुप्तचर संस्थेच्या ७४४५५ क्रमांकाच्या युनिटमधल्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं, त्यात हा हल्लाही होता. घटनेला तोवर जवळपास पाच वर्षं झाली होती.

अमेरिका: कडक नियम, पण रेषेच्या अलीकडे

वीजक्षेत्रात सायबर सुरक्षेचे सक्तीचे नियम आणि ते मोडल्यास दंड, या वाटेने अमेरिका बरीच आधी गेली. १४ ऑगस्ट २००३ ला ईशान्य अमेरिका आणि कॅनडाच्या काही भागांत सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. तो सायबर हल्ला नव्हता. पण ऐच्छिक नियमांवर एवढी मोठी यंत्रणा चालत नाही हे त्यातून कळलं आणि २००५ च्या ऊर्जा कायद्याने सक्तीचा पाया घातला. एनईआरसी ही संस्था मानकं लिहिते, एफईआरसी हा संघीय नियामक ती मंजूर करतो. सायबर सुरक्षेची सीआयपी मानकं जानेवारी २००८ मध्ये मंजूर झाली. नियम मोडल्यास दंड खरोखरच बसतो: २०१९ च्या सुरुवातीला एका कंपनीला १२७ उल्लंघनांसाठी १ कोटी डॉलरचा दंड झाला.

आता हे नियम त्या दुपारवर लावू. सीआयपीमध्ये दूरस्थ प्रवेशासाठी एकाहून अधिक टप्प्यांची पडताळणी मध्यम आणि उच्च प्रभावाच्या यंत्रणांना सक्तीची आहे. म्हणजे ज्या दरवाज्यातून हल्लेखोर आत गेले, त्यालाच कुलूप घालणारा नियम अमेरिकेत लिहिलेला आहे. पण तो लागू होतो घाऊक वीजयंत्रणेला, म्हणजे मोठी वीजनिर्मिती आणि उच्च दाबाचं पारेषण यांना. तिची ढोबळ रेषा १०० किलोव्होल्टची, आणि स्थानिक वितरणाची यंत्रणा कायद्यानेच त्यातून वगळलेली. कीवओब्लेनेर्होने जी ३० उपकेंद्रं बंद पडल्याचं सुरुवातीला सांगितलं, त्यातली २३ ही ३५ किलोव्होल्टची होती. तिन्ही कंपन्या वितरण कंपन्या. अमेरिकेत अशा कंपनीवर अधिकार चालतो तो त्या त्या राज्याच्या आयोगाचा, आणि प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी.

ज्या हल्ल्याचा अभ्यास करायला अमेरिकेने स्वतःचं पथक युक्रेनला पाठवलं, तो हल्ला तिच्या स्वतःच्या सर्वांत कडक नियमांच्या कक्षेबाहेर पडतो. मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते. मार्च २०२१ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानेही सांगितलं की वितरण यंत्रणांचा धोका वाढतोय आणि ऊर्जा विभागाच्या योजनांत त्याचा पुरता विचार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यांच्या आयोगांची संघटना आणि ऊर्जा विभाग यांनी वितरणासाठी किमान सुरक्षेची यादी काढली खरी. ती ऐच्छिक आहे.

रेषेचा हाच घोळ तेलवाहिन्यांत झाला. ७ मे २०२१ ला कोलोनियल पाइपलाइनवर खंडणीचा हल्ला झाला. पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी सुमारे ४५ टक्के वाहून नेणारी वाहिनी कंपनीला स्वतःहून बंद करावी लागली. दरवाजा कोणता? जुनं, वापरात नसलेलं व्हीपीएन खातं, आणि त्याला पडताळणीचा दुसरा टप्पा नाही. युक्रेननंतर साडेपाच वर्षांनी तोच दरवाजा. तोवर वाहिन्यांसाठीची सायबर मार्गदर्शक तत्त्वं ऐच्छिक होती. सक्तीचा पहिला आदेश निघाला हल्ल्यानंतर तीन आठवड्यांनी.

जर्मनी: लहानमोठे सगळे आत

जर्मनीने वीजजाळ्याच्या बाबतीत वेगळा निर्णय घेतला, आणि तुलनेत मला तो सर्वांत शहाणपणाचा वाटतो. जुलै २०१५ च्या आयटी सुरक्षा कायद्यात महत्त्वाच्या यंत्रणा ठरवायला ढोबळमानाने ५ लाख लोकांच्या पुरवठ्याचा निकष धरला होता. पण वीज आणि गॅस जाळी चालवणाऱ्यांसाठी संघीय जाळे नियामकाने ऑगस्ट २०१५ मध्ये जी सुरक्षा सूची काढली, तिला आकाराची अट नाही. राष्ट्रीय पारेषण कंपनी असो की एखाद्या गावाची नगरपालिकेची वीजकंपनी, प्रत्येकाने आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या मानकाच्या धर्तीवर व्यवस्था उभारायची आणि ३१ जानेवारी २०१८ पर्यंत प्रमाणपत्र मिळवायचं.

इव्हानो-फ्रान्किव्स्कची कंपनी जर्मनीत असती तर ती निःसंशय कक्षेत आली असती. व्हीपीएनच्या त्रुटीवर लेखापरीक्षकाचं बोट गेलं असण्याची शक्यताही चांगली. तरीही प्रमाणपत्र म्हणजे पहारा नव्हे. परीक्षक येतो, कागद आणि व्यवस्था तपासतो, जातो; हल्लेखोर मधल्या महिन्यांत काम करतात. हे जर्मनीच्याही लक्षात आलं. २०२१ च्या दुसऱ्या कायद्याने १ मे २०२३ पासून हल्ला ओळखणारी यंत्रणा ठेवणं सक्तीचं केलं. आधी प्रमाणपत्र आणि पाच वर्षांनी पहारा, हा क्रम उलटा असता तर बरं झालं असतं.

डेन्मार्क: पहारा एकत्र

लहान कंपनीने चोवीस तास पहारा ठेवायचा कसा, याचं उत्तर मला डेन्मार्कमध्ये दिसलं. तिथल्या महत्त्वाच्या सेवा देणाऱ्या कंपन्यांची सेक्टरसीईआरटी ही ना-नफा संस्था आहे. सदस्य कंपन्यांच्या जाळ्यांच्या तोंडाशी तिचे सेन्सर बसवलेले असतात आणि सगळ्यांची रहदारी एकाच ठिकाणी पाहिली जाते.

मे २०२३ मध्ये तिची कसोटी लागली. झायक्सेल कंपनीच्या फायरवॉलमधली एक गंभीर त्रुटी एप्रिलअखेरीस जाहीर झाली होती. १ मे ला संस्थेने सदस्यांना अपडेट टाकायला सांगितलं. ११ मे ला ऊर्जा क्षेत्रातल्या १६ कंपन्यांवर एकाच वेळी नेम धरला गेला आणि ११ कंपन्यांच्या फायरवॉल हल्लेखोरांच्या हाती गेल्या. एकेकट्या कंपनीला यातलं काहीच दिसलं नसतं. सगळ्या सेन्सरवर एकच खूण एकाच क्षणी उमटली म्हणून हा ठरवून केलेला हल्ला आहे हे कळलं, फोन गेले, आणि त्याच दिवशी दारं बंद झाली. महिनाअखेर बाधित कंपन्यांचा आकडा २२ वर गेला, काहींना इंटरनेटपासून स्वतःला तोडून घ्यावं लागलं; वीजग्राहकांना मात्र झळ पोचली नाही.

संस्थेने नोव्हेंबरमध्ये जो अहवाल छापला त्यातला एक भाग मी पुन्हापुन्हा वाचला. सूचना मिळूनही अपडेट का टाकलं नाही, याची कारणं त्यात आहेत. काहींना वाटलं, फायरवॉल नवी आहे म्हणजे अपडेट असणारच. काहींना वाटलं, ते पुरवठादाराचं काम. काहींनी पुरवठादार त्याचे वेगळे पैसे घेतो म्हणून नको म्हटलेलं. आणि काहींना आपल्याकडे ते उपकरण आहे हेच माहीत नव्हतं. यातलं एकही कारण तंत्रज्ञानाचं नाही. कुठलाही कायदा या चार वाक्यांपाशी येऊनच अडतो.

इव्हानो-फ्रान्किव्स्कवर डेन्मार्कची पद्धत लावली तर? ईमेलमधून शिरलेलं मालवेअर बाहेरच्या सर्व्हरशी बोलत होतं, तेही तीन कंपन्यांतून. सामाईक पहाऱ्याला ते उन्हाळ्यातच दिसलं असतं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण सर्वांत जास्त संधी याच पद्धतीत होती. मर्यादाही उघड आहे. डेन्मार्क लहान देश, कंपन्या एकमेकींना ओळखतात, आपली रहदारी दुसऱ्याला दाखवण्याइतका विश्वास आहे. अमेरिकेतही वीजकंपन्यांची माहिती एकत्र पाहणारा कार्यक्रम आहे, पण तो ऐच्छिक आणि प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांचा.

भारत, आणि घड्याळाचा प्रश्न

भारताच्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये वीजक्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात निर्मिती, पारेषण, वितरण आणि उपकरणं पुरवणारे, सगळे धरले आहेत. औष्णिक, जल, पारेषण, वितरण यांसाठी उपक्षेत्रनिहाय प्रतिसाद पथकं आहेत. कक्षेच्या रुंदीत भारत अमेरिकेच्या पुढे आहे. इव्हानो-फ्रान्किव्स्कची कंपनी इथेही आत आली असती. पण कक्षेत असणं आणि पहाऱ्याखाली असणं यातलं अंतर जर्मनीत दिसलं तेच इथेही आहे.

सर्ट-इन या भारताच्या सायबर घटना हाताळणाऱ्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची. युरोपीय संघाच्या २०२२ च्या एनआयएस २ निर्देशात पहिली सूचना २४ तासांत, सविस्तर ७२ तासांत, अंतिम अहवाल महिन्यात. अमेरिकेच्या सीआयपीत नोंदपात्र घटना ठरली की १ तास. हे आकडे शेजारी ठेवले की शर्यत वाटते. पण प्रत्येक घड्याळ सुरू होतं ते लक्षात आल्यावर. प्रिकारपात्याओब्लेनेर्होच्या त्या ऑपरेटरच्या लक्षात आलं तेव्हा बाण ब्रेकरवर पोचला होता. त्याआधीचे महिने कुठल्याच घड्याळात बसत नाहीत.

सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत नोंदी १८० दिवस जपायला सांगितलं आहे. वसंतात ईमेल आले आणि हल्ला २३ डिसेंबरला झाला. म्हणजे १८० दिवसांचा नियम काटेकोर पाळला असता, तरी पहिल्या शिरकावाच्या नोंदी हल्ल्याच्या दिवशी उरल्या असतीलच असं नाही. युक्रेनचा तपास ज्या नोंदींवर उभा राहिला त्या कंपनीने स्वतःहून ठेवल्या होत्या.

हाताने वीज परत आणणं

१७ डिसेंबर २०१६ ला, मध्यरात्रीच्या जरा आधी, कीवजवळच्या पिव्निच्ना या पारेषण उपकेंद्रावर दुसरा हल्ला झाला. या वेळी बाण हलवायला माणूस नव्हता. इंडस्ट्रॉयर नावाचं मालवेअर उपकेंद्रांची भाषा स्वतःच बोलत होतं. साधारण सव्वा तासात वीज परत आली, पुन्हा हाताने.

त्या मालवेअरमध्ये आणखी एक तुकडा सापडला: बिघाड होताच वीज तोडून यंत्रणा वाचवणाऱ्या सीमेन्सच्या संरक्षक रिलेला बधिर करणारा. ड्रॅगोस या कंपनीने २०१९ मध्ये त्याचा अर्थ लावला तो असा की हल्लेखोरांना वीज घालवण्यापुरतं थांबायचं नव्हतं. वीज गेली की हे लोक धावत येतात आणि हाताने ब्रेकर लावतात, हे त्यांनी वर्षभरापूर्वी पाहिलं होतं. त्याच क्षणी रिले बधिर असेल तर वीज परत आणणाऱ्या माणसाच्या हातूनच यंत्रणेचं नुकसान व्हावं, असा तो डाव असावा. पत्ते लिहिण्यातल्या चुकीमुळे तो तुकडा चालला नाही.

हे वाचल्यावर "हाताने चालवता येतं" एवढ्यावर समाधान मानणं मी सोडलं. हाताने चालवायची सोय हवी, आणि संगणकाने दाखवलेली स्थिती खोटी असेल हे धरून ती चालवायचा सराव हवा. जून २०१६ मध्ये अमेरिकेचे सेनेटर अँगस किंग आणि जिम रिश यांनी युक्रेनचाच दाखला घेत एक विधेयक मांडलं: सर्वांत नाजूक जागी डिजिटल उपकरणाऐवजी साधी, माणसाने चालवायची उपकरणं ठेवता येतील का हे राष्ट्रीय प्रयोगशाळांनी तपासावं. त्याचा कायदा व्हायला डिसेंबर २०१९ उजाडलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या प्लम बेटावर अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने खरी उपकेंद्रं वापरून सराव घेतला, त्यात वीजकंपन्यांच्या लोकांना संपूर्ण अंधारातून जाळं उभं करायचं होतं आणि हल्ला करणारा गट ते पुन्हा पाडायला बसलेला होता.

एनआयएस २ मध्ये संकटकाळी सेवा चालू ठेवण्याच्या योजनेची अट आहे, भारताच्या तत्त्वांत आहे, अमेरिकेत सीआयपीचं त्यासाठी वेगळं मानकच आहे. मात्र यातली बहुतेक योजना लिहून ठेवण्याजोगी आहे आणि परीक्षकाला दाखवण्याजोगी. एखाद्या वितरण कंपनीला मी विचारीन ते वेगळं. तुमची किती उपकेंद्रं आज रात्री, पडदा बंद ठेवून, हाताने चालवता येतील? त्यासाठी किती माणसं आणि किती गाड्या लागतील? आणि त्यांतल्या किती जणांनी गेल्या वर्षभरात ते प्रत्यक्ष केलं आहे?